लॅबमधल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मार्चमध्ये टांझानियातल्या म्वांझाहून परतलेला, तापाने कुडकुडत तुमच्या लॅबच्या बाकावर बसलेला पेशंट मी. त्या सकाळचे आभार तोंडी मानायचे राहूनच गेले.

आफ्रिकेतून ताप घेऊन आलो, म्हणजे आधी मलेरिया तपासायचा, हे बरोबरच होतं. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार अंगावर काढला तर माणूस जातो. पण दोनदा रक्त निगेटिव्ह येऊनही मला मलेरियाच्याच गोळ्या दिल्या गेल्या. मग अंगावर गांधी उठल्या, कोरडा खोकला लागला, तर म्हणे ॲलर्जी. इओसिनोफिलचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, आकडा त्या आधीच्या रिपोर्टमध्येही वाढलेला होता. त्यावर कुणी बोट ठेवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही मशीनच्या आकड्यावर थांबला नाहीत. रक्ताची काच रंगवलीत, सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मलेरिया शोधलात आणि मग मला आत बोलावून म्हणालात, "या, बघा." फिकट गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी होत्या, प्रत्येकीचं केंद्रक चष्म्याच्या दोन काचांसारखं. एका नजरेत मी सहा मोजल्या. एकूण पांढऱ्या पेशी 14,200, त्यात इओसिनोफिल 46 टक्के. एरवी पाचशेच्या आत असायच्या त्या साडेसहा हजार! "मलेरियात प्लेटलेट बहुतेक वेळा उतरतात, तुमच्या 2 लाख 60 हजार आहेत. शिवाय मलेरियाने या पेशी अशा वाढत नाहीत. हे जंताचं काम वाटतंय," असं म्हणालात, आणि मग तो प्रश्न विचारलात: "तिकडे तळ्याच्या पाण्यात उतरला होतात का?"

दर रविवारी! व्हिक्टोरिया सरोवरात आम्ही चौघं पोहायचो. तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

तिथल्या गोगलगायींमधून निघालेल्या जंताच्या अळ्या काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात, फुप्फुसातून प्रवास करतात, आणि शरीर इओसिनोफिलची फौज उभी करतं. खोकला, गांधी, ताप सगळं त्याचंच. शिस्टोसोमियासिस या जंतांच्या आजाराची ही सुरुवातीची अवस्था, कातायामा ताप. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत याच जातकुळीचा आजार गाडगीळ आणि शहा यांनी 1952 साली नोंदवला होता, हेही तुम्हीच सांगितलंत. तुमच्या सरांनी वर्गात शिकवलेलं तुम्ही इतकी वर्षं ध्यानात ठेवलंत, म्हणून माझं निदान झालं.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमना तुम्ही लगेच फोन लावलात. अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह आली. अंडी दिसायला मात्र वेळ लागला. पुढे शौचाच्या तपासणीत कडेला काटा असलेलं अंडं सापडलं, तेही तुमच्याच नजरेला. आधी स्टेरॉइड, मग प्राझिक्वांटेल हे जंतांवरचं औषध. कोवळ्या जंतांवर ते फारसं चालत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा एक डोस. परवाच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल 410 आहेत. ताप नाही, खोकला नाही. आई रात्री माझ्या कपाळाला हात लावून बघायची, तेही आता थांबलंय.

म्वांझातल्या तिघा मित्रांना मी फोन करून रक्त तपासायला लावलं. एकाला काहीच त्रास नव्हता, तरी त्याच्या इओसिनोफिल वाढलेल्या निघाल्या, शौचात अंडीही सापडली. त्याच्या गोळ्या झाल्या आहेत. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुमचा,
म्वांझाचा पेशंट