निकालाच्या बातमीत मुदतीही छापा

महोदय,

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकांत कोकण विभागाची आघाडी, मुलींची टक्केवारी आणि पेढे भरवणारे पालक असतात. ज्याला गणितात ३१ पडले किंवा ज्याचे गुण अपेक्षेपेक्षा वीसने कमी आले, त्याच्या कामाची माहिती मात्र बातमीच्या तळाशी दोन ओळींत उरकलेली असते. कधी तेवढीही नसते.

२०२५ चेच वेळापत्रक पाहा. निकाल ५ मे रोजी लागला, गुणपडताळणी व उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचे अर्ज ६ ते २० मे या काळात भरायचे होते आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. निकाल ते पुरवणी, अवघे पन्नास दिवस. यातले पहिले आठ-दहा दिवस रागवारागवी, रडारड आणि नातेवाइकांच्या फोनमध्ये जातात. घर भानावर येते तोवर छायाप्रतीची मुदत संपत आलेली असते.

सर्वांत मोठा गैरसमज गुणपडताळणीबद्दल आहे. पन्नास रुपये भरले की पेपर पुन्हा तपासला जातो, असे अनेक पालकांना वाटते. तसे नसते. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहतात. उत्तराला दिलेले गुण योग्य आहेत का, हे पुनर्मूल्यांकनात ठरते, आणि त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. शुल्क विषयामागे छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये असे राहिले आहे. छायाप्रत हाती पडल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला कामकाजाचे पाचच दिवस मिळतात. म्हणून ती ज्या ईमेलवर येणार तो रोज उघडून पाहावा. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊन मोकळे होणारे इथेच फसतात.

छायाप्रत विषयशिक्षकासोबत बसून पाहावी, एकट्याने नाही. मुखपृष्ठावरच्या तक्त्यातले गुण आतल्या पानांशी जुळवावेत, जोडलेल्या पुरवण्या मोजाव्यात, प्रश्नक्रमांक चुकीचा घातल्यामुळे एखादे उत्तर सुटले का ते शोधावे, गणित-भौतिकशास्त्रात पायऱ्यांचे गुण मिळाले का ते पाहावे. शिक्षकाने ‘इथे दोन-तीन गुण वाढू शकतात’ असे बोट ठेवून दाखवले तरच पुढचे ३०० रुपये घालावेत. ‘मला पेपर चांगला गेला होता’ हा आधार पुरेसा नाही. आणि पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत पुरवणी परीक्षेचा अर्ज थांबवू नये. दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवावीत. पुरवणीचा अर्ज आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरला जातो; नियमित मुदत चुकली की विलंब शुल्क पडते.

नापासांइतकीच अडचण पास झालेल्या एका गटाची असते, आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला सीईटी या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलसोबत बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा पात्र विषय मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५, आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के, म्हणजे १२० गुण लागतात. सीईटी उत्तम आणि इथे १३१, असा विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी अडतो. चार गुणांसाठी छायाप्रत मागवणे त्याच्या बाबतीत खरोखर शहाणपणाचे. तिथे काही निघाले नाही तर गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षा देण्याची श्रेणीसुधार योजना आहे: २०२५ मध्ये उत्तीर्ण झालेल्यांना मंडळाने जून-जुलै २०२५, फेब्रुवारी-मार्च २०२६ आणि जून-जुलै २०२६ अशा तीन संधी दिल्या.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. बारावी विज्ञान उत्तीर्णांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत पदविका, पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी तीन वर्षे. एकूण पाच, म्हणजे सरळ गेलेल्यापेक्षा एकच वर्ष जास्त, आणि मध्ये हातात एक पात्रता. हे गणित पालकांसमोर कोणी मांडत नाही, कारण निकालाच्या आठवड्यात गल्लोगल्ली ‘रिपीटर बॅच’चे फलक लागलेले असतात. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर जरूर द्यावी. त्यासाठी बारावी पुन्हा द्यावी लागत नाही, फक्त खुल्या प्रवर्गाला भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-जीवशास्त्रात मिळून ५० टक्के हवेत. पण लातूरला किंवा कोट्याला वर्षाची फी भरण्याआधी कोणत्या विषयात, कोणत्या प्रकरणात गुण गेले याची यादी कागदावर हवी. ती नसेल तर तेच वर्ष पुन्हा तसेच जाते.

निकालाचे पहिले दोन दिवस घरात कोणताही निर्णय घेऊ नये. मूल जेवत-झोपत नसेल, ‘मी नसलो तर बरं’ असे काही बोलले, तर त्याला एकटे सोडू नये आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

आपल्याला विनंती एवढीच: निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मुदती, शुल्क आणि हा क्रमांक यांची एक चौकट छापावी. तीच चौकट आठवड्याने पुन्हा यावी आणि छायाप्रतीची मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी तिसऱ्यांदा.

– कनिष्ठ महाविद्यालयातील काही शिक्षक, सातारा