केशवराव भोसले नाट्यगृहाचे जुने फोटो शोधून ठेवा

मा. संपादक,
स. न.

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, ऐन केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा इथे अमेरिकेत क्लीव्हलँडला दुपार होती आणि मी मोबाईल हातात धरून रडत होते. शाहू महाराजांनी बांधलेलं आमचं ते थिएटर, पूर्वीचं नाव पॅलेस थिएटर. आणि इथे मी लाल कोट घालून लोकांना सीट दाखवायचं काम करते, बिनपगारी, हौसेनं, त्या थिएटरचं नावही पॅलेसच!

हे पॅलेस १९२२ चं, व्होडव्हिलसाठी बांधलेलं. व्होडव्हिल म्हणजे एकाच तिकिटात गाणं, नाच, कसरती, जादू, विनोदी नकला, सगळं एकामागून एक. साध्या माणसानं तिकीट काढून आत यावं आणि समोर दोन्ही बाजूंनी वर जाणारे संगमरवरी जिने बघून दोन मिनिटं तिथंच थांबावं, आजही नवीन माणूस थांबतोच, मागची रांग खोळंबते पण मी कुणाला पुढे ढकलत नाही. १९२१-२२ मध्ये इथे शेजारीशेजारी अशी पाच थिएटरं झाली. मग सिनेमा आला, टीव्ही आला, लोक शहराबाहेर राहायला गेले आणि १९६९ पर्यंत पाचपैकी चार बंद. १९७२ ला त्यातली स्टेट आणि ओहायो पाडून पार्किंग करायचं चाललं होतं. रे शेपर्डसन नावाचा शाळा बोर्डातला एक तरुण दोन वर्षं आधी मीटिंगसाठी हॉल शोधत आत गेला होता, त्यानं हे प्रकरण सोडलंच नाही. स्टेटच्या ३२० फूट लांब लॉबीतच त्यानं १९७३ ला एक संगीत कार्यक्रम लावला, थोडेच दिवस चालेल म्हणून, तो दोन वर्षांच्या वर चालला. लोक परत यायला लागले आणि थिएटरं वाचली.

पण मला खरं सांगायचंय ते ओहायो थिएटरच्या लॉबीबद्दल. ती १९६४ ला आगीत गेली. १९८२ ला थिएटर परत सुरू झालं तरी लॉबीचं मूळ रूप काही आलं नव्हतं, ते आलं २०१६ ला, बावन्न वर्षांनी. जुने फोटो बघून बघून छताची नक्षी परत केली, मी खाली उभी राहून मान दुखेपर्यंत बघितलीय.

म्हणून कोल्हापूरकरांना हात जोडून विनंती, घरातले अल्बम काढा. गॅदरिंगचा फोटो असेल, बक्षीस घेतानाचा असेल, त्यात मागे खांब, कठडा, पडदा, दार काहीतरी दिसत असेल. फोटोमागे साल लिहा, मोबाईलवर नीट स्कॅन करा. आणि संपादकसाहेब, आपण रविवारच्या अंकात असे फोटो मागवून छापलेत तर फार बरं होईल. माझ्याकडचा एक, आईचा, स्टेजच्या पायरीवर बसलेला, या पत्रासोबत पाठवतेय.

एक कोल्हापूरकर, क्लीव्हलँड