दुसऱ्या-चौथ्या शनिवारचे पत्ते

विश्रामबाग, सांगली

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आत्याने सांगितलं ते खरं आहे. आमच्याकडे दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी पत्त्यांचा डाव बसतो. खेळाचं नाव पोकर. आणि डाव मी बसवते, तुमचे जावई नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण आईच्या बोलण्यावरून सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलेलं दिसलं. ते बिचारे चहा करतात आणि निमूटपणे हरतात. आई 'जुगार' म्हणाली की माझाही आवाज चढतो, म्हणून फोनवर नको, लिहिलेलंच बरं.

आधी पैशांचं. पैसे लावत नाही, दहा रुपयेसुद्धा नाहीत. सुरुवातीला सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मिळतात, उठताना त्या डब्यात परत जातात. कुणाकडे किती उरल्या ते वहीत मांडतो आणि दिवाळीला बेरीज करतो. तळाला असेल त्याने पुढच्या वेळचं भडंग आणायचं, एवढंच काय ते लागतं. मध्यंतरी आमच्यातल्या एकाने "नुसत्या चिप्समध्ये काय राम आहे, शंभर-शंभर तरी लावू" असं काढलं. त्याचं अगदीच चूक नव्हतं. गमावण्यासारखं काही नसलं की माणसं वाट्टेल त्या पानावर चिप्स ढकलतात आणि खेळाचा पोरखेळ होतो. वही त्यासाठीच काढली. पैशाला मात्र मी नाही म्हणाले ते म्हणालेच. तो रुसला, काही दिवस फिरकला नाही, मग आपणहून आला.

बाबा, काकाआजोबांनी विहिरीलगतचा पट्टा पत्त्यांवर घालवला, आणि तो विषय निघाला की आजी उठून आत जायची, हे मी पाहिलंय. ते विसरून मी घरात पत्ते काढले असते का? कायदाही बघून ठेवलाय. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे, पैसे लावून डाव बसवणारा आणि त्यातून आपला हिस्सा काढणारा त्यात अडकतो. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ तर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदच केले. आमच्या टेबलावर यातलं काही नाही.

दुसरा-चौथा शनिवार का, तर आमच्यातली एक बँकेत आहे आणि बँकांना तेच शनिवार सुट्टीचे. बाकी दातांचे एक डॉक्टर, हळदीचे एक अडते, मिरजेहून येणारे सतारी-तंबोऱ्यांचे कारागीर, आणि गणिताचे एक निवृत्त सर, बाबांच्याच वयाचे. आम्ही दोघं धरून सात. आठवा घेत नाही. पोकरच्या स्टड नावाच्या प्रकारात शेवटपर्यंत टिकलेल्याला सात पानं वाटावी लागतात. सात साते एकोणपन्नास, म्हणजे कॅट पुरतो. आठ जण शेवटपर्यंत राहिले तर छप्पन्न पानं आणायची कुठून?

पूर्वी आम्ही एकच प्रकार खेळायचो, होल्डेम. दोन पानं हातात, पाच मध्ये सगळ्यांची मिळून उघडी, त्या सातांतून चांगली पाच जुळवायची. टीव्हीवर दाखवतात तो हाच. डॉक्टरांनी त्याचे तक्ते पाठ केले, कुठल्या दोन पानांवर खेळत राहायचं, कुठल्यांवर पानं टाकून द्यायची. झालं, दर शनिवारी तेच वर आणि आम्ही जांभया देत बसलेले. मग सरांनी मिश्र डावाची कल्पना काढली. पाच प्रकार ओळीने, प्रत्येकाची एक फेरी: होल्डेम, ओमाहा हाय-लो, रॅझ, सात पानी स्टड आणि स्टडचाच हाय-लो. पाचांना मिळून हॉर्स म्हणतात. अमेरिकेतल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली याची ५०,००० डॉलर प्रवेश फीची स्पर्धा झाली, ती चिप रीज नावाच्या खेळाडूने जिंकली. आमच्याकडे भडंगावर भागतं.

गंमत अशी की एका प्रकारातला राजा पुढच्यात गुलाम होतो. ओमाहात हातात चार पानं येतात, पण त्यातली बरोबर दोनच वापरायची आणि मधल्या पाचांतली तीन. चार एक्के हातात आले तरी उपयोग दोघांचाच. अडत्यांना हे अजून पटत नाही. "माझी पानं आहेत, मी कितीही वापरीन" असं त्यांचं म्हणणं. रॅझ सगळंच उलटं, सर्वांत हलका हात जिंकतो. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी याच्या वर काही नाही, आणि राजा-राणी आले की कपाळाला हात. डॉक्टरांचे तक्ते इथे येऊन संपतात. हाय-लोमध्ये तर चिप्सचा ढीग दोघांत वाटायचा, अर्धा सर्वांत भारी हाताला आणि अर्धा सर्वांत हलक्याला. हलक्यातही अट आहे, पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा तिच्याखालची हवीत. कुणाचीच तशी नसली तर भारी हात सगळा ढीग नेतो.

तीन पत्तीची सवय असलेल्यांची आणखी एक पंचाईत होते. तिथे रन, म्हणजे ओळीने आलेली पानं, कलरच्या, म्हणजे एकाच रंगाच्या पानांच्या वर. पोकरमध्ये कलर वर. अडते यावरून इतके भांडले की सरांनी शेवटी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. पाच पानांत नुसता रन १०,२०० तऱ्हांनी लागतो, नुसता कलर ५,१०८ तऱ्हांनी. जे दुर्मीळ ते मोठं. तीन पानांत कलर जास्त वेळा लागतो, म्हणून तिथे तो खाली. अडते गप्प झाले, पण तेवढ्यापुरतेच.

बोली आम्ही बांधून घेतलीय. प्रत्येक डावात बोलीच्या पहिल्या फेऱ्यांत चार चिप्स, पुढच्यांत आठ, आणि बोलीच्या एका फेरीत तीनदाच वाढवायचं. एका फटक्यात सगळं लावून कुणी नऊ वाजता बाद होऊन भिंतीकडे बघत बसत नाही. माझ्या मते घरच्या डावाला हाच नियम बरा. टीव्हीवरचं 'सगळं लावतो' बघायला छान, पण ज्याच्यासाठी घर आवरलं त्यालाच तासाभरात उठवायचं म्हणजे काय?

वाटायची पाळी कुणाची हे कळायला सुपारी ठेवतो. तिची फेरी पूर्ण झाली की भिंतीवरच्या कागदाची चिमटी पुढच्या प्रकारावर सरकवायची. हे काम तुमच्या नातवाचं, आणि वहीची बेरीजही त्याचीच. तो खेळत नाही असं खोटं सांगणार नाही, कुणी चहाला उठलं की त्याच्या जागी बसतो. साडेदहाला डाव बंद, खालच्या काकूंची तक्रार येण्याआधी.

आई, तुला आवडेल ते भडंगाचं प्रकरण. सांगलीत पाहुण्यांपुढे भडंग नाही ठेवायचं तर काय ठेवायचं? पण तेल, लसूण, तिखट, सगळं बोटांना. पहिल्या कॅटातल्या इस्पिकच्या राणीच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटला आणि ती उलटी ठेवली तरी सगळ्यांना ओळखू यायला लागली. कारागीर तर नुसत्या बोटाने सांगायचे, "हे तेलकट आहे, राणीच." आता प्लास्टिकचे पत्ते घेतलेत, ओल्या फडक्याने पुसता येतात. आणि भडंग वाटीत, चमच्याने. चमच्याने भडंग खाताना अडत्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

खरं म्हणजे हे पत्र बाबांसाठी जास्त आहे. स्टडमध्ये प्रत्येकाची तीन पानं झाकलेली आणि चार उघडी असतात. मध्येच कुणी डाव सोडला की त्याची उघडी पानंही पालथी होतात, आणि ती कुठली होती हे ज्याला आठवतं तोच खरा खेळाडू. परवा डॉक्टरांकडे चार बदाम झाले होते. पाचव्यासाठी ते शेवटच्या पानापर्यंत चिप्स घालत राहिले. नाहीच आला. सर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, चार तुमच्याकडे. सहा बदाम उघडे पडून गेले. राहिले तीन, आणि न पाहिलेली पानं एवढी. कशाच्या भरवशावर?" मला तिथल्या तिथे तुम्ही आठवलात. मेंढीकोटात शेवटचे चार हात उरले की कुणाकडे काय आहे हे तुम्ही बोटावर मोजून सांगायचात, आणि मामा पत्ते फेकून उठायचा. त्या डोक्याला आता टीव्हीवरच्या चर्चांशिवाय काम नाही, हे मला बघवत नाही. सरांना तोडीस तोड माणूस हवाय, तसं ते मला बोलूनही दाखवतात.

आई, तुझ्यासाठी बदुगी. हॉर्सची फेरी संपली की वाटणाऱ्याच्या मर्जीचा एक डाव असतो, त्यात बँकवाली हाच काढते. चार पानं, चारही वेगळ्या रंगांची, एक इस्पिक, एक किल्वर, एक बदाम, एक चौकट, आणि होतील तितकी हलकी. तीन वेळा पानं बदलून मिळतात. निवडायचं, नको ते टाकायचं, हव्या त्याची वाट बघायची. तू मंडईत करतेस तेच.

तर येत्या चौथ्या शनिवारी या. रेल्वेच्या नादी लागू नका, माहुली स्टेशनपर्यंत जायचीच दगदग होते, सरळ एसटीने या. दुपारी पोचलात तर बाबांना थोडं झोपता येईल. त्या दिवशी आम्ही दोघं उठतो, तुम्ही दोघं आमच्या जागी बसा, म्हणजे सातचे सातच राहतील. पत्ते मोठ्या आकड्यांचे आहेत, चष्म्याची चिंता नको. गुडघ्यांसाठी उंच खुर्ची आणून ठेवलीय. येताना कंदी पेढे आणा, पण अर्धा किलोच. डॉक्टर दातांचे असले तरी सगळ्यात जास्त तेच खातात.

तुमची,
मोठी