नंबर ऑनलाइन लावला तरी ताटकळावं का लागतं

संपादक महोदय, नमस्कार,

ऑनलाइन नंबर लावूनही दवाखान्यात दोन तास बसावं लागलं, मग त्या अ‍ॅपचा उपयोग काय, असं एका वाचकांचं पत्र तुमच्याकडे छापून आलं होतं. राग बरोबरच आहे त्यांचा. पण मी स्वतः एका दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते आणि अ‍ॅपमध्ये डॉक्टरांच्या वेळा भरायचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे आतलं थोडं सांगावंसं वाटलं.

होतं काय, अ‍ॅप घेतलं की कंपनीचा पोरगा फोन करतो, डॉक्टर कधी असतात विचारतो, आपण सांगतो सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8, तो पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट पाडून देतो आणि झालं, नंतर वर्षानुवर्षं त्याला कोणी हात लावत नाही. आता रूट कॅनाल काय पंधरा मिनिटांत होतंय का? भूल द्यायची, ती चढेपर्यंत थांबायचं, मध्ये एक्सरे काढायचा, तोवर पेशंट दोनदा चूळ भरणार, तास कसा जातो कळत नाही. आणि तो उठला की लगेच दुसऱ्याला बसवता येत नाही, खुर्ची पुसायची, वापरलेली हत्यारं धुवून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनला लावायची, नवा सेट काढायचा. ही दहा मिनिटं कुठल्याच स्लॉटमध्ये धरलेली नसतात, मग तीन पेशंट झाले की अर्धा तास तिथेच खाल्लेला असतो आणि बाहेर बसलेले आमच्याकडे डोळे वटारून बघतात. तपासणीला 15 मिनिटं, क्लिनिंगला 30, रूट कॅनालला 60 आणि दोन पेशंटच्या मध्ये 10 मिनिटं मोकळी, असं वेगवेगळं भरायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते हो, फक्त कोणीतरी तासभर बसून भरायला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे किती दिवस पुढचं बुकिंग उघडं ठेवायचं. तीन महिने पुढचं कॅलेंडर दिसलं की लोक सहज म्हणून नंबर लावून ठेवतात आणि विसरतात, खुर्ची रिकामी आणि ज्याची दाढ ठणकतेय त्याला मात्र सगळं फुल्ल दिसतं. रेल्वेनेसुद्धा 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 दिवसांवरून 60 वर आणलं ते तिकिटं आधी काढून नंतर रद्द करणारे फार झाले म्हणूनच. आम्ही आता पंधरा दिवसांपुढचं दाखवतच नाही. तारा लावलेल्या मुलांना दर महिन्याला यावं लागतं, त्यांची पुढची तारीख जाताना काउंटरवरच टाकून देतो. ऐन वेळचं बुकिंगही बंद केलंय, दोन तास आधीपर्यंतच घेता येतं, नाहीतर आम्ही चहाला टेकलो की दहाव्या मिनिटाला पेशंट दारात.

आणि सगळे स्लॉट ऑनलाइनला देऊन टाकायचे नसतात हे माझं ठाम मत आहे. कोविनचं आठवा ना, मे 2021 मध्ये 18 ते 44 वाल्यांना ऑनलाइनशिवाय लसच नव्हती, स्लॉट कधी उघडणार पत्ता नाही, उघडले की क्षणात गायब, शहरातली पोरं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रावर आणि गावातली माणसं नुसती बघत. शेवटी 24 मे ला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा द्यावी लागली. आमच्याकडेही सकाळच्या पहिल्या एसटीने म्हाताऱ्या बायका येतात, त्यांना कुठलं अ‍ॅप आणि कुठला ओटीपी, त्यांच्यासाठी सकाळचे काही नंबर आम्ही अ‍ॅपवर दिसूच देत नाही.

सणावाराचं तर विचारूच नका. अ‍ॅपला सोमवार ते शनिवार एवढंच कळतं, दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते हे त्याला आपणच सांगायचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुलूप बघून परत गेलेला पेशंट पुन्हा येत नाही. अनंत चतुर्दशीला दवाखाना चालू असला तरी मिरवणुकीमुळे रस्ते बंद, म्हणून ती संध्याकाळ मी आधीच ब्लॉक करते. अजून एक गंमत, न्यू जर्सीतला मुलगा इथल्या आईचा नंबर लावतो तेव्हा काही अ‍ॅप त्याला तिथल्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतात, आणि तिथलं घड्याळ मार्च-नोव्हेंबरमध्ये तासभर इकडे-तिकडे होतं, म्हणजे फरक कधी साडेनऊ तासांचा, कधी साडेदहा. अशा अ‍ॅपमध्ये टाइम झोन भारताचाच फिक्स करून ठेवावा.

आता एक तक्रार आमच्या बाजूनेही. लवकरचा स्लॉट मिळावा म्हणून लोक सरळ ‘तपासणी’वर टिक करतात आणि खुर्चीत बसल्यावर म्हणतात मॅडम आजच दाढ काढून टाका. डॉक्टर नाही म्हणत नाहीत, दुखणारं माणूस आहे समोर, पण मागचे पाच जण तिथेच लटकले. तेव्हा त्या वाचकांना एवढीच विनंती की बुक करताना काम काय आहे ते खरं टाका, आणि डॉक्टर लोकांनी कंपनीच्या पोराने भरलेल्या वेळा एकदा काउंटरवाल्या मुलीला बरोबर घेऊन तपासून बघा.

— एक वाचक, सातारा