हक्क कोणी सोडायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती जीवनातल्या त्यागावरचा लेख वाचला. आपल्या हक्काआधी दुसऱ्याचे हित पाहावे हा त्यातला विचार मला मान्यच आहे. लहानपणापासून उपासनेत तेच ऐकत आले. पण हक्क सोडायचा कोणी, याबद्दल लेखात एक अक्षर नाही, आणि आमच्याकडे, भावाबहिणींच्या वाटणीत, सगळी गोम तिथेच आहे.

लेखकाने आधार घेतला आहे प्रेषित पौलाचा, त्याने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. करिंथच्या बाजारात मूर्तीपुढे वाहिलेले मांस विकायला येई. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा खायला हरकत नाही, असे जाणत्यांचे म्हणणे. नव्याने विश्वासात आलेल्यांना मात्र त्याने ठेच लागे. पौलाचे मत जाणत्यांच्याच बाजूचे, तरी तो म्हणतो, माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांसाला कधी शिवणार नाही. पुढच्याच अध्यायात तो स्वतःच्या पोटापाण्याचा विषय काढतो. सुवार्तेची सेवा करणाऱ्याने मंडळीकडून निर्वाह घ्यावा हा त्याचा हक्क. शिपाई, द्राक्षमळ्याचा मालक, मेंढपाळ, मळणीचा बैल, एवढ्यांचे दाखले देऊन तो हक्क तो आधी ठासून सिद्ध करतो आणि मग सांगतो, की मी तो बजावला नाही. तंबू शिवून त्याने पोट भरले. म्हणजे त्याने सोडला तो स्वतःचा हक्क, आणि तसे करायला सांगितले ते सबळांना. दुबळ्यांनी जरा सोसावे, असे या अध्यायांत कुठेही नाही.

आता आमच्या घरांत काय चालते ते पाहा. वडील गेले की महिना-दोन महिन्यांत भाऊ कागद घेऊन येतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणीला खुर्चीवर बसवतात, कॅमेऱ्यापुढे फोटो निघतो, यंत्रावर अंगठा टेकवला जातो. हक्कसोडपत्रात लिहिलेले असते : स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, काहीही मोबदला न घेता. बाहेर आल्यावर रसवंतीवर एकेक ग्लास रस. संध्याकाळी घरी प्रार्थना, आणि प्रार्थनेत हटकून पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय : ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले. मी शाळेत शिकवत होते तेव्हा सहकारी बाई, पालक, शेजारणी अशा कितीजणींकडून हे ऐकले. त्यांतल्या एकीला नवऱ्याने टाकले होते आणि ती माहेरच्याच एका खोलीत राहत होती. सही केल्यानंतर त्या खोलीतही ती वहिनीच्या मर्जीवर राहिली. त्याग बहिणीचा आणि सातबारा भावाच्या नावावर, याला पौलाचा आधार देणे मला तरी पटत नाही.

कायद्याने आम्हा ख्रिस्ती बायकांचे वाईट केलेले नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी भेद नाही. विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सगळ्या मुलांना सारखे. केरळच्या त्रावणकोर भागात 1916 चा वेगळा कायदा होता. त्यात मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 मध्ये तिथल्या ख्रिस्ती मुलींना बरोबरीचा वाटा मिळाला. महाराष्ट्रात आम्हाला तेवढे भांडावेही लागले नाही. हक्क कागदावर आहे, तो प्रार्थना म्हणून काढून घेतात.

कोणी म्हणेल, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, भावाला कोर्टात खेचणाऱ्यांना, ‘त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?’ असे स्पष्ट विचारले आहे. विचारले आहे खरे, पण ते सातवे वचन. आठव्यात पौल दुसऱ्या बाजूकडे वळतो : तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही भावांना. सातवे वचन मी व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकले आहे. आठव्यावर प्रवचन ऐकल्याचे मात्र आठवत नाही. (मंडळीच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे कोर्टात हेलपाटे घालणारे दोन्हीकडचे पंच पहिल्याच बाकावर बसतात, हेही कारण असावे.)

आणि ज्या फिलिप्पैचा दाखला उठता बसता दिला जातो, त्याच गावात पौलाने काय केले? चौकशीशिवाय त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप निघून जा. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चारचौघांत मारले आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी घाबरले, आले आणि विनवण्या करू लागले. पौल आता गाव सोडणार होता. मागे राहणार होती ती लुदिया, तुरुंगाचा नायक आणि त्यांची इवलीशी मंडळी. मला वाटते, त्यांच्याशी कोणी असे वागू नये म्हणून त्याने हा हट्ट धरला. तेव्हा दुसऱ्याचे हित पाहायचे तर कधी हक्क सोडावा लागतो, कधी तो बजावावा लागतो.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी दोन्ही केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. स्वतः ख्रिस्ती झालेल्या, तरी सदनात येणाऱ्या ब्राह्मण विधवांना आपले सोवळे-ओवळे पाळू दिले, धर्मशिक्षण ठेवले नाही. मुलींना शिकता यावे म्हणून स्वतःच्या श्रद्धेचा प्रचार करण्याचा हक्क त्यांनी बाजूला ठेवला. पण आपल्या खोलीत प्रार्थना करायचे त्यांनी थांबवले नाही, आणि खोलीचे दारही लावून घेतले नाही. काही मुली येऊन बसू लागल्या, पुण्यात गदारोळ उठला, 1893 मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई बधल्या नाहीत. काय सोडायचे आणि काय नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवले. कोणी आयता मसुदा आणून पुढे ठेवला नव्हता.

रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, त्याचे आम्ही कौतुक करतो आणि करावेच. मात्र त्यांच्या औदार्यापायी घरात काय काय निस्तरावे लागे, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. हसू येते, पण घर कोण चालवत होते तेही कळते.

एखादी बहीण खरोखरच आनंदाने वाटा सोडत असेल, भाऊ तिच्याहून गरीब असेल, तर तिला अडवणारी मी कोण? माझे मागणे पाळकांकडे आहे. वाटणीच्या प्रार्थनेला बोलावणे आले, तर आधी त्या बहिणीशी एकटीशी दहा मिनिटे बोलावे. तिचा वाटा किती होतो हे तिला ठाऊक आहे का, उद्या वेळ आली तर ती राहणार कुठे, एवढे विचारावे. भावालाही विचारावे, की तू काय सोडतो आहेस? उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर त्या घरी त्या दिवशी दुसरा अध्याय वाचू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर