साहेब, झाड काढलं. पण मला थांबवलं कशासाठी, तेवढं लिहून द्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: रस्त्यावर गाडी थांबवल्याचं कारण नोंदवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. सहा एकर पऱ्हाटी-तूर, दोन म्हशी आणि 2007 सालची मारुती 800 एवढा माझा पसारा. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा, 2022 मध्ये, नोंदणीचं नूतनीकरण केलं. त्याच एप्रिलपासून त्याची फी 600 वरून 5,000 झाली होती. तेव्हा पत्र लिहिलं नाही, म्हणजे मी ऊठसूट तक्रार करणारा माणूस नाही, हे आपण मानाल.

मागच्या पावसाळ्यात मागची सीट पाडून सरकी ढेपेची दोन पोती आणली. वाटेत पाऊस लागला, काच नीट बसत नव्हती, पोतं भिजलं. भिजलेली ढेप आंबली की काय वास सुटतो, हे ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला सांगावं लागत नाही. पोती उतरली, वास गाडीतच राहिला. सौ. म्हणाली, "या गाडीत मी माहेरी जात नाई." म्हणून तालुक्याच्या एका दुकानातून सुगंध सोडणारं पुठ्ठ्याचं हिरवं झाड आणलं आणि पुढच्या आरशाला टांगलं.

या झाडाचा जन्मही असाच झाला म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊन गावी एका दूधवाल्यानं ज्युलियस सॅमन नावाच्या रसायनतज्ज्ञाकडे गाऱ्हाणं केलं, की गाडीत दूध सांडतं आणि त्याचा आंबूस वास जात नाही. सॅमन यांनी जंगलातल्या झाडांच्या सुगंधी तेलांचा अभ्यास केलेला होता. 1952 मध्ये त्यांनी पाइनच्या आकाराचा पुठ्ठा तेलात भिजवून दोऱ्याला बांधून दिला. तिकडे दूध, इकडे ढेप. मूळ दोघांचं म्हशीपाशीच (त्यांच्याकडे गाय असेल).

तर साहेब, एका फाट्यावर नाकाबंदी होती. गाव लिहीत नाही. त्या पोरावर माझा राग नाही. त्यानं हात केला, मी गाडी बाजूला घेतली. "काऊन थांबवलं जी?" मी विचारलं. तो म्हणाला, "काका, आरशाला हे लटकवता येत नाही. पाचशेची पावती होईल." मग लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. मी मोबाईलवर डिजिलॉकर उघडलं. "ओरिजिनल दाखवा." मग डिक्की. मग सीटखाली काय आहे. चाळीस मिनिटं गेली. शेवटी मी म्हटलं, "पावती फाडा, पण कलम लिहून द्या." त्यानं हातातल्या मशीनवर बरंच खालीवर केलं आणि म्हणाला, "जा काका, काढून टाका ते."

पावती नाही, दंड नाही. घरी आल्यावर पोरगा म्हणाला, सुटले ना, मग झालं. पण मला तीच गोष्ट खुपते. दंड झाला असता तर तारीख, वेळ, ठिकाण, कलम असं काहीतरी ऑनलाइन राहिलं असतं. दंड झाला नाही, म्हणून ती चाळीस मिनिटं कुठंच नाहीत. पावत्या मोजल्या जातात; थांबवून सोडून दिलेली माणसं कोण मोजतं?

आता माझी चूक आधी कबूल करतो. माझे वडील तालुक्यातल्या एका डॉक्टरांच्या फियाटवर ड्रायव्हर होते. 1974 मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, पण आमच्याकडे ती शेवटपर्यंत फियाटच. स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर, पुढं सलग बाकासारखी सीट, आणि दाराच्या काचेला लागून ती छोटी तिकोनी काच. ती तिरपी केली की वारा थेट छातीवर यायचा. जानेवारी-फेब्रुवारीत वरुड-मोर्शीकडे गेलो की संत्र्याच्या बहाराचा वास गाडीत शिरायचा, आणि डॉक्टरसाहेब "जरा हळू घे" म्हणायचे. एप्रिलात मेळघाटाकडे मोहफुलांचा. जिनिंगजवळून जाताना सरकीचा, तो तेवढा आवडायचा नाही. गाडीत वास सोडायची कुणाला गरज पडत नव्हती, कारण काचा उघड्या होत्या. एसी आला, काचा बंद झाल्या, आणि आपण आपल्याच ढेपेच्या वासात कोंडले गेलो. वडिलांचा उपाय साधा होता: संत्री खाल्ली की सालं डॅशबोर्डवर वाळत टाकायची. त्या सालीच्या वासातलं द्रव्य म्हणजे लिमोनीन, बाजारातल्या लिंबू-संत्रा वासाच्या बाटल्यांतही तेच असतं. आपण फुकटातली वस्तू विकत घेऊ लागलो, एवढंच.

पण आरशाला वडिलांनी कधी काही टांगलं नाही. लिंबू-मिरची-बिब्बा पुढच्या बंपरला, देव डॅशबोर्डवर. कुणी गजरा अडकवला तर काढायचे. "आरसा मागचं पाहाले असते, टांगाले नाई." मी परवा टेप घेऊन मोजलं. झाड 7 सेंटिमीटर रुंद, माझ्या डोळ्यापासून 70 सेंटिमीटरवर. म्हणजे एका डोळ्यापुरता हिशेब केला तर 20 मीटरवर 2 मीटरचा पट्टा झाकला जातो. दुसरा डोळा थोडं भरून काढतो, पण ते झाड हलत असतं. दोन मीटरमध्ये मोटरसायकल बसते, मागं बसलेल्या बाईसकट. ताशी 60 च्या वेगानं ते 20 मीटर अंतर सव्वा सेकंदात संपतं. तेव्हा त्या पोलीस पोराचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. झाड मी त्याच दिवशी काढलं.

मग पत्र कशाला? अमेरिकेतली पुढची गोष्ट वाचली म्हणून. तिथल्या कायद्यात गाडी थांबवायला पोलिसाकडे कारण लागतं. 1996 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं व्रेन खटल्यात ठरवलं, की वाहतुकीचा लहानसा नियम जरी मोडलेला असला तरी थांबवणं वैध. पोलिसाच्या मनात दुसराच हेतू असला तरी चालेल. अनेक राज्यांत काचेसमोर काही लटकवणं हा असा लहानसा गुन्हा होता. त्यामुळं ते पुठ्ठ्याचं झाड हे आयतं निमित्त झालं, आणि त्याचा जाच जास्त करून काळ्या लोकांना झाल्याची तक्रार वाढत गेली. एप्रिल 2021 मध्ये मिनेसोटात डॉन्टे राइट या वीस वर्षांच्या पोराला थांबवलं. आरशाला लटकवलेल्या सुगंधी लटकणीमुळं थांबवलं, असं त्यानं फोनवर सांगितल्याचं त्याच्या आईचं म्हणणं. पोलिसांचं म्हणणं, गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती. अटकेच्या झटापटीत एका पोलीस बाईनं टेझर (विजेचा झटका देणारं यंत्र) समजून पिस्तूल झाडलं आणि पोरगा जिवानिशी गेला. इलिनॉयनं 1 जानेवारी 2024 पासून कायदा बदलला: केवळ आरशाला काही लटकतंय म्हणून गाडी थांबवायची नाही. व्हर्जिनियानं तसं आधीच केलं होतं.

आपल्याकडे तसं काही झालं, असं मी म्हणत नाही. पण फरक बघा. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 130: गणवेशातल्या कोणत्याही पोलिसानं मागितलं की चालकानं लायसन दाखवायचं. कारण सांगायची अट त्यात नाही. तिथं कारण लागतं म्हणून झाड शोधलं गेलं. मला तर कारणाचीही गरज नसताना झाड दाखवलं, तो त्या पोराचा भलेपणाच म्हणायचा!

उलट समृद्धी महामार्गावर वेगाची मर्यादा ओलांडली तर कॅमेऱ्याला किती बंधनं आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 167अ प्रमाणं फोटो हवा, तारीख-वेळ-ठिकाण हवं, कोणती तरतूद मोडली ते हवं, आणि नोटीस ठरलेल्या मुदतीत. आमच्या फाट्यावर यातलं काही नाही. कॅमेऱ्याला जे लिहावं लागतं ते माणसाला का नको?

आणि नवा कायदाही करावा लागणार नाही. 1 ऑक्टोबर 2020 पासून केंद्राचा नियम आहे, की कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पडताळली गेली तर छापील मागायची नाहीत. आणि कागद तपासले की तपासणीची तारीख, वेळ व अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. गाड्या पुन्हा पुन्हा थांबवून चालकांना त्रास होऊ नये, हाच त्यामागचा उद्देश सांगितला होता. माझी मागणी एवढीच, की या नोंदीत एक रकाना वाढवा: थांबवण्याचं कारण. कागद मागण्याआधी तो भरायचा, दंड होवो न होवो. "नियमित तपासणी" असेल तर तसं लिहा, माझी हरकत नाही. आणि ती नोंद गाडीमालकाला मोबाईलवर दिसू द्या, तसा एसएमएस पावतीचा येतोच.

दुसरं, आरशाला काय टांगता येतं आणि काय नाही, याचं माप जाहीर करा. काचेतून किती उजेड आला पाहिजे याचे आकडे नियम 100 मध्ये होते, पुढची-मागची 70 टक्के, बाजूची 50, म्हणून मीटर लावून वाद मिटवता येत होता. लटकणीलाही सेंटिमीटर द्या. कापराची डबी, गजरा, रुद्राक्षाची माळ, सगळ्यांना सारखं. नाहीतर ज्याच्या आरशाला नेत्याचा फोटो आहे तो सुटेल आणि ढेपेवाला अडकेल.

नाकाबंदी गृहखात्याची, वाहन आपल्या खात्याचं, हे मला ठाऊक आहे. म्हणून या पत्राची एक प्रत गृहखात्यालाही टाकली आहे. दोन्ही खाती एकाच मंत्रालयात बसतात, तेव्हा जिन्यात भेट झाली तर बोलून घ्यावं, ही विनंती.

झाड आता डिक्कीत स्टेपनीला बांधलं आहे. ढेपेचा वास अजून थोडा येतो. पण सौ. दिवाळीत माहेरी जाऊन आली, याच गाडीत, काचा खाली करून.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक मारुतीवाला शेतकरी