सिंह, बिबट आणि धुरा

ता. मोर्शी, जि. अमरावती
१७ जानेवारी, रात्रीचे साडेदहा

प्रिय दोस्ता,

तुझं पार्सल दिवाळीच्या आधी पोचलं आणि पोच मी आज देतोय. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढचं वाच. कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या, तूर अर्धी वावरात अर्धी घरात, संत्रा पाणी तोडून ताणावर सोडलेला. अशात पत्र कुठून सुचणार? पुस्तकं मात्र वाचत होतो. सी. एस. लुईसची नार्नियाची सातही झाली. आज जागलीला आलोय. मोटारीच्या खोलीत बसून वहीच्या पानांवर लिहितोय, कपाळाला बॅटरी बांधलेली. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

आधी एक भांडण. तू पाठवलेल्या संचावर आकडे छापलेत आणि एक नंबरवर आहे 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. मी शहाण्यासारखा तिथूनच सुरुवात केली. मागून कळलं की ते १९५५ सालचं, म्हणजे निघालं सहावं. पहिलं ते कपाटवालं, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', १९५० चं. लुईसने एका अमेरिकन पोराला पत्रात लिहिलं होतं की गोष्टीतल्या काळाच्या क्रमाने वाचलंस तरी बरंच, आणि पुढे त्याच पत्राच्या आधाराने आकडे फिरवले गेले. माझं नुकसान झालं ना त्यात! बर्फाच्या रानात एकटाच पेटलेला दिव्याचा खांब पाहून, कपाटातून त्या जगात शिरलेल्या लूसीला जे वाटतं, ते मला वाटलंच नाही. तो खांब तिथे कसा आला हे मी आधीच वाचून बसलो होतो. अर्थात ते प्रकरण आहे झकास. नुकत्याच जन्मलेल्या जमिनीत लोखंडाची दांडी पडते आणि तिचा खांब उगवतो. असली माती आपल्याकडे असती तर मी स्प्रिंकलरचा एक पाइप पेरला असता.

वाचायचो मी, पण ऐकायची आई. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला वाचवत नाही. संध्याकाळी ती तुरीचे सोले काढत बसायची आणि मी दिवसभराचं वाचलेलं तिला आपल्या बोलीत सांगायचो. फरच्या कोटांनी भरलेलं कपाट तिच्या डोळ्यांसमोर येईना, म्हणून मी त्याचं पेव केलं. आजोबांच्या वेळचं आपल्या वाड्यातलं धान्याचं पेव, आठवतं? त्यात लूसी उतरली आणि पलीकडे बर्फात निघाली. टर्किश डिलाइटची झाली संत्रा बर्फी. एडमंडने चेटकिणीच्या बर्फीपायी भावंडांचा पत्ता दिला, हे ऐकून आईचा हात थांबला. "बर्फीसाठी? एवढ्याशा बर्फीसाठी सख्खी भावंडं इकली पोट्ट्यानं?" मी तिला सांगितलं की पुस्तक आलं तेव्हा इंग्लंडात साखर आणि गोळ्या-मिठाई रेशनवर होती, ते रेशन उठलं १९५३ मध्ये. ती म्हणाली, "रेशन तं आपल्याकडंबी होतं. आम्ही कोणाले इकलं नाही." प्रकरण बंद.

आता तुझा प्रश्न. फोनवर तू विचारलंस की नार्नियाचा सिंह अस्लान म्हणजे येशू हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं नाही का. दोस्ता, ते मला फार उशिरा कळलं असं समजू नकोस. 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'च्या शेवटी एक कोकरू किनाऱ्यावर मासे भाजून पोरांना जेवू घालतं, बोलता बोलता त्याचाच सिंह होतो आणि म्हणतो, तुमच्या जगात माझं नाव वेगळं आहे. एवढं झाल्यावर कोणाला कळायचं राहील? पण आईला मी काही सांगितलं नव्हतं. दगडी चौथऱ्यावर सिंह मुकाट्याने मान देतो, एडमंडच्या जागी मरतो, आणि सकाळी चौथरा दुभंगून तो उठलेला असतो. एवढं ऐकून आईने सरळ विचारलं, "मंग याचं दार्ष्टान्तिक काय होय?"

मी बघतच राहिलो. तुला आमच्या घरचं माहीत आहे. आई महानुभाव पंथाची उपदेशी, दिवसाची सुरुवात दंडवत प्रणामाने, रिद्धपूर तिला माहेरापेक्षा जवळचं. 'दृष्टान्तपाठ' तिने कितीदा ऐकलाय त्याचा हिशोब नाही. केसोबासांनी त्यात चक्रधर स्वामींचं आधी सूत्र दिलंय, मग दृष्टान्त, मग त्यातून काय घ्यायचं ते दार्ष्टान्तिक. आंधळ्यांनी हत्ती चाचपण्याची गोष्ट आपल्याला शाळेत होती, ती त्यातलीच. म्हणजे गोष्टीच्या पोटात दुसरं काही असतं हे आईला गुपित वाटतच नाही. शेंगेत दाणा असतो तसं ते असायचंच. फसवणूक कुठून वाटणार?

पण इथे एक गंमत आहे. लुईस स्वतः म्हणत राहिला की हे रूपक नाहीच. आणि रूपक म्हणजे काय हे त्याला न कळण्यातला तो माणूस नव्हता. मध्ययुगीन रूपककाव्यावरचा त्याचा ग्रंथ १९३६ चा, आणि त्याआधी १९३३ मध्ये त्याने स्वतः एक अस्सल रूपक लिहून पाहिलं होतं. अस्सल रूपक म्हणजे जॉन बनियनचं 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'. मराठीत ते १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' म्हणून आलं. त्यात प्रवाशाचं नावच ख्रिश्चन, आणि ज्या चिखलात तो फसतो तो चिखल म्हणजे निराशा. प्रत्येक गोष्टीला चिठ्ठी लावलेली. लुईसचं म्हणणं असं, की मी फक्त 'समजा' म्हटलं. समजा, नार्नियासारखं बोलत्या जनावरांचं एक जग असतं आणि देवाच्या पुत्राला तिथेही यावं लागलं असतं, तर तो कोणत्या रूपात आला असता? म्हणून सिंह. अस्लान हा तुर्की शब्द, अर्थही सिंहच. आणि सुरुवात तर सिंहापासूनही झाली नाही. सोळा वर्षांचा असल्यापासून त्याच्या डोक्यात एक चित्र होतं, बर्फाच्या रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला बोकडपायी माणूस. सिंह मागून उडी मारून आत शिरला.

मला हे पटतं. दार्ष्टान्तिक आधी ठरवून दृष्टान्त रचला की तो कोरडा होतो, शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटुकल्यासारखा. आपण एका नाटुकल्यात 'आळस' आणि 'उद्योग' झालो होतो, आठवतं ना? आळस मी होतो आणि टाळ्या मलाच पडल्या होत्या.

लुईस काही जन्मापासूनचा भाविक नव्हे, हे मला जास्त आवडलं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, साल १९०८. प्रार्थना करूनही ती कॅन्सरने गेली. पुढे कितीतरी वर्षं तो पक्का नास्तिक. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डात टॉल्किन आणि आणखी एका मित्राबरोबर मध्यरात्र उलटेपर्यंत बोलणं झालं. विषय हा, की पुराणकथा तुझ्या काळजाला भिडतात ना, मग येशूचीही तशीच एक कथा समज, फक्त प्रत्यक्ष घडलेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून तो प्राणिसंग्रहालय बघायला निघाला. निघताना विश्वास नव्हता, पोचला तेव्हा होता. वाचताना मला आपले रेव्हरंड टिळक आठवले. त्यांना बायबल मिळालं ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चाकांवर बसलं की माणसाचं काय सुटतं कोण जाणे. मला तर एस्टीत नुसती झोप लागते.

आईला मी सांगितलेलं सगळ्यात जास्त आवडलं ते 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मधलं सफरचंद. डिगरीची आई आजारी आहे, सफरचंद चोरून नेलं तर ती बरी होईल, पण तो चोरत नाही. सिंहाला तो दुःख सांगतो आणि वर पाहतो तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्यापेक्षा मोठे अश्रू. शेवटी सफरचंद मिळतं, आई बरी होते. लुईसची काही झाली नव्हती. आईला मी हे सांगितलं. ती काहीच बोलली नाही, सोल्यांचं टोपलं उचलून आत गेली.

आता वावरातलं. पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं की हा सिंह पाळीव नव्हे. लूसी विचारते, म्हणजे तो सुरक्षित नाही? बीव्हर म्हणतो, सुरक्षित कसला, पण चांगला आहे. पुण्यात बसून हे वाक्य तुला गोड वाटलं असेल. मी ते इथे वाचलं, रात्री गव्हाला पाणी देताना. शेतीची थ्री फेज वीज या आठवड्यात रात्री दहा ते सकाळी सहा. आज संध्याकाळी विहिरीजवळच्या दांडात, ओल्या मातीत, पंजे दिसले. बिबटच. नखं उमटलेली नाहीत, गोल ठसे, माझ्या तळहातापेक्षा थोडे लहान. आपल्याकडे वाघोबाला शेंदूर लावून हात जोडतात, पण जवळ ये असं कोणी म्हणत नाही. लुईसचा भक्तिभाव मला त्या एका वाक्यात खरा वाटला. ज्याची भीतीच वाटत नाही असा देव म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

'डॉन ट्रेडर'मधल्या त्या युस्टेसबद्दल लिहायचं मी टाळत होतो. अजगराच्या, म्हणजे ड्रॅगनच्या, खजिन्यावर मनात ड्रॅगनसारखेच विचार घेऊन तो झोपतो आणि उठतो तेव्हा ड्रॅगन झालेला असतो. मग स्वतःची कातडी स्वतःच सोलायला बघतो. एक थर निघतो, खाली दुसरा. दुसरा निघतो, खाली तिसरा. शेवटी सिंह म्हणतो, मला सोलू दे, आणि पंजा असा खोल घालतो की पोराला वाटतं काळजापर्यंत गेला.

दादाचं आणि माझं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली. धुऱ्यापायी, म्हणजे वावराच्या बांधापायी. मोजणी झाली, हातभर जमीन इकडची तिकडे निघाली, आणि त्या हातभर जमिनीवर मी खजिन्यावर झोपावं तसा झोपलो. विहीर मात्र सामाईकच राहिली. दहा ते दोन त्याची पाळी, दोन ते सहा माझी. तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो, हे तुलाच सांगतोय. एकदा पोळ्याला, एकदा वहिनी दवाखान्यात होती तेव्हा, एकदा उगाच. तिन्ही वेळा फाटकावरून परत. ते प्रकरण वाचलं तेव्हा इतका राग आला की पुस्तक तुरीच्या कट्ट्यांवर फेकलं. कोपरा दुमडलाय, माफ कर.

आता लुईसवरचा माझा राग. नार्नियाच्या दक्षिणेकडच्या कॅलोर्मेन देशाची माणसं सावळी, पागोटेवाली, वाकड्या तलवारींची, बोलताना म्हणींवर म्हणी फेकणारी, आणि बहुतेक लबाड. 'द हॉर्स अँड हिज बॉय' वाचताना सारखं वाटत होतं की हा माणूस आपल्याच आजोबांकडे बोट दाखवतोय. अराविस त्यांच्यातलीच आणि पाणीदार पोरगी, पण एका अराविसने भागत नाही. मात्र 'द लास्ट बॅटल'मध्ये त्यानेच एमेथ आणून ठेवला. जन्मभर ताशची, म्हणजे कॅलोर्मेनच्या देवाची, भक्ती केलेला सैनिक. सिंह समोर आल्यावर त्याला वाटतं, आता संपलं. सिंह म्हणतो, ताशच्या नावाने तू जे चांगलं केलंस ते माझ्याच खात्यात आलं, आणि माझ्या नावाने कोणी क्रौर्य केलं तर ते ताशला पोचतं. एमेथ म्हणजे हिब्रूत सत्य.

मी आईला मोठ्या उत्साहाने म्हटलं, बघ, हे तर गीतेतलंच, नववा अध्याय, 'येऽप्यन्यदेवताभक्ता'. तिने लगेच ओळ पुरी केली आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं: 'अविधिपूर्वकम्'. "चांगलं हाय, पण रीत नाही ती," म्हणे. आमच्या पंथात देवता वेगळ्या, परमेश्वर वेगळा, आणि मोक्ष परमेश्वरच देणार. तिथे आई कोणालाच सूट देत नाही, लुईसच्या सिंहालाही नाही. मला वाटतं दोघांची गाठ पडली असती तर भांडण जमलं असतं.

सुसनचं मात्र आईला अजिबात पटलं नाही. सगळे सिंहाच्या देशात पोचतात, सुसन नाही, कारण तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं एवढंच दिसतं. "मंग एकटीच मागं राह्यली? मायबाप, भाऊ, बहीण, सारे एका दिवशी गेले अन् वरून तिलेच बोल?" लुईसने एका पोराला पत्रात लिहिलं होतं की सुसन जिवंत आहे, सुधारायला तिच्याकडे वेळ आहे, कदाचित आपल्या वाटेने तीही पोचेल. हे मी सांगितलं. आई म्हणाली, "पत्रात काऊन? पुस्तकात लिव्हाले काय झालं होतं?"

या वर्षी आंबिया बहार बरा दिसतोय. ताण नीट बसलाय, आता पाणी सोडलं की वीस-पंचवीस दिवसांत बाग पांढरी होईल. फेब्रुवारीत ये, वास तरी घेऊन जा. सोले पाठवतोय, फ्रीजरला टाक, नाहीतर मागच्या वेळेसारखे कोंब आणून मला फोटो पाठवशील.

पावणेबारा झाले. दादाची बॅटरी गव्हात हलताना दिसते आहे, आता दांड फोडायला विहिरीकडे येतोय. पंजे तिथेच होते. त्याला ते माहीत नाही. आला तेव्हा अंधार पडला होता. फोन लावला तर उचलणार नाही, पण इथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढाच तो लांब आहे. वही मिटतो.

तुझा,
संत्रेवाला